सबब, जुनीच सिरिंज बरी

खरेदी विभागाचे प्रमुख आणि त्याच्या कितीतरी आधीपासून माझे धाकटे दीर असलेले भाऊजी, यांना वहिनीचे आशीर्वाद. साहेब म्हणून एक नमस्कारही सोबत घातला आहे. दोन्हींतला जो तुमच्या फायलीला चालत असेल तो ठेवून घ्या, उरलेला परत पाठवलात तरी हरकत नाही, मी तो दुसऱ्या कोणाला तरी वापरीन. तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? मागच्या मीटिंगमध्ये ते चढलेलं मला टेबलाच्या या बाजूने दिसत होतं, पण तुम्ही मला ओळख दाखवत नव्हता, त्यामुळे पाणी प्या म्हणायची सोय नव्हती. जाऊबाईंचा गुडघा बरा आहे का? त्यांना म्हणावं, जिने कमी चढा, आणि तुमच्या सरकारी बंगल्याला एकही जिना नाही हे मला ठाऊक आहे, तरी सांगायची रीत म्हणून सांगते. देवाच्या कृपेने इकडे सगळे ठीक आहेत. हे अजून तुमच्यावर रागावलेले नाहीत. (हे कोणावर रागावतच नाहीत, त्यामुळे या घरातलं तेही खातं माझ्याकडेच आहे.) आणि सुरुवातीलाच सांगून टाकते, काही मागायला हे पत्र लिहीत नाही. पत्र जाड लागतंय ते कागदामुळे नाही, त्याचा खुलासा शेवटी केला आहे.

घारीचं तुम्हाला ठाऊक आहेच, पण ते तुम्हाला कागदावरून ठाऊक आहे, म्हणून एकदा तोंडी सांगितल्यासारखं लिहिते. तुमची ही एकुलती एक पुतणी, जिला तुम्हीच शब्द टाकून तुमच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून लावलंत (ते उपकार मी विसरलेली नाही, आणि तुम्ही विसरू देत नाही), ती पुरुषांच्या वॉर्डात एका आजोबांना इंजेक्शन देऊन वापरलेली सुई टाकायला डब्याकडे गेली. अशा सुयांसाठी तिथे भिंतीला एक डबा लावलेला असतो. तो गळ्यापर्यंत भरला होता, आतल्या सुया टोकं वर करून बाहेर डोकावत होत्या. घारी आपल्या हातातली सुई जपत होती. टोचली ती डब्यातली, दुसऱ्याच कोणाची. कोणाची ते देवाला माहीत, आणि मी त्याला रोज विचारते. मग रक्ताची तपासणी, मग पोटात अन्न ठरू न देणाऱ्या गोळ्या, मग पुन्हा तपासणी, आणि दोन तपासण्यांच्या मध्ये नुसती वाट बघणं. कशाने काय होतं आणि कशाने होत नाही हे तिला पाठ आहे, तरी पोरगी सुरीला हात लावीना. बोट कापलं आणि रक्त आमच्या भाजीला लागलं तर, म्हणून. मी म्हटलं राहू दे, मी चिरते. मी भाजी चिरायची आणि ती समोर बसून माझी बोटं बघायची. आता शेवटचा रिपोर्ट यायचा आहे. तो चांगला आला तर येत्या सोमवारी ती पुन्हा कामावर जाईल, त्याच वॉर्डात, त्याच भिंतीपाशी. दुसरा वॉर्ड माग म्हटलं तर म्हणते, मग तिथे दुसरी कोणीतरी उभी राहील. असं काही बोलायला कुठून शिकली कोण जाणे. आपल्या दोन्ही घरांत तर अशी पद्धत नाही.

चौकशी झाली. चौकशीच्या तिघांत तुम्ही होता म्हणून आम्ही निर्धास्त होतो. कागद आला, त्यात लिहिलं होतं, ‘डबा भरलेला असल्याचे दिसत असूनही सदर परिचारिकेने त्यात सुई टाकण्याचा प्रयत्न केला, सबब हा वैयक्तिक निष्काळजीपणा होय.’ खाली तुमची सही, तीच वळणदार, आमच्या जेवणाच्या टेबलावर जुन्या पावत्यांच्या पाठीवर घोटलेली. मी मॅट्रिक. आमच्या शाळेत सबब म्हणजे अभ्यास केला नाही की बाईंना सांगायची ती. कचेरीच्या भाषेत सबब म्हणजे ‘म्हणून’, हे यांनी मला समजावून दिलं. तरी तुमचे कागद वाचताना माझी शाळाच पुढे येते, आणि अर्थ कसा स्वच्छ लागतो. मला फक्त एवढं विचारायचं होतं (विचारायचं, मागायचं नाही) की डबा भरलेला दिसला, तर हातातली सुई तिने ठेवायची कुठे? पर्समध्ये घालून घरी आणायची होती का?

डबा का भरला होता तेही नंतर कळलं. जुना काठोकाठ भरून परत केल्याशिवाय नवा द्यायचा नाही, हा तुमचाच नियम. तुम्ही आमच्याकडे जेवायला आला होता तेव्हा केवढ्या अभिमानाने सांगितलं होतंत, अर्धवट भरलेले डबे फेकून द्यायची उधळपट्टी कशी बंद केली ते. वर म्हणालात, काटकसर मी तुमच्याकडूनच शिकलो, वहिनी. मी फुगले होते. शिकायला आमच्या घरी राहिलात तेवढ्या वर्षांत तुम्ही सगळं बघितलंत. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवायची, टूथपेस्टची नळी कापून आतून पुसून घ्यायची, आलेली पाकिटं उलटी करून पुन्हा डिंक लावायचा. (हे पत्र ज्यातून आलं ते बँकेचं आहे, उलटं केलेलं.) सगळं बघून नेमकं उचललंत. पण साबणाची चिपटी कोणाच्या बोटात घुसत नाही हो, भाऊजी. तेव्हा तुमचं ते प्रशस्तिपत्रक मी परत करते आहे. लेखी दिलेलं नव्हतंत म्हणून पाकिटात घालता आलं नाही.

आता यांचं ऐका. आयुष्यभर बॉलपेनच्या कारखान्यात साचे केले. निवृत्त झाल्यावर काय करणार याची मला काळजी होती, आणि काय करतात हे बघून ती किती योग्य होती ते पटलं. घारी घरी बसल्यावर हे आठवडाभर नुसते हातातल्या पेनाचं बटण दाबत बसायचे, टकटक, टकटक. मी म्हटलं आधी स्प्रिंग जाईल, मग माझं डोकं जाईल. तेव्हा मान वर केली.

‘बटण दाबलं की रिफिल आत जाते,’ म्हणाले. ‘सुईला का जाता येऊ नये?’

झालं. दुसऱ्या दिवसापासून जेवणाचं टेबल गेलं. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. कल्पना साधी आहे, मला कळली म्हणजे तुमच्या खरेदी समितीलाही कळली असणार. सिरिंजच्या नळीत सुईमागे एक बारीक स्प्रिंग. औषध पुरतं गेलं, दट्ट्या टोकाला टेकला, की आतला खटका सुटतो, स्प्रिंग सुईला मागे ओढते आणि सुई नळीच्या पोटात जाऊन बसते. मग ती कोणाला टोचायची नाही, आणि दट्ट्या अडकल्यामुळे तीच सिरिंज दुसऱ्या माणसाला पुन्हा वापरायचीही नाही. यांनी मला हे समजावलं तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो असा, की म्हणजे रिफिल बदलता येणार नाही असं पेन करताय तुम्ही? ज्या माणसाशी संसार करताना मी नवं पेन कधी विकत घेतलं नाही, फक्त रिफिली घेतल्या, त्याने हे करावं. हे म्हणाले, हो, तेच करतोय. आणि मी टोचून बोलते असं तुम्हा सगळ्यांचं म्हणणं असल्यामुळे पुढे म्हणाले की जमलं तर एक स्प्रिंग तुझ्यासाठीही करतो, एक वाक्य झालं की आत.

पण त्यांचा खटका काही केल्या नीट बसेना, आणि आमचा मात्र रोज उडायला लागला. कधी सुई औषध जायच्या आधीच घाबरून आत पळायची, कधी स्प्रिंगच उडून जायची. एक स्प्रिंग वरणात सापडली. एक माझ्या जपाच्या माळेत अशी अडकली की मणी ओढताना दर फेरीला एकाच जागी बोट थांबायचं, आणि मला वाटलं देव काही सुचवतोय. रोगी म्हणून यांना माझी उशी लागायची. औषध म्हणून पाणी. मी नर्स. उशीला मी इतकी इंजेक्शनं दिली की ती आजारी असती तर बरी झाली असती, आणि बरी होती ती आता ओली असते. घारी खुर्चीत बसून सांगायची, आई, अंगठा तिथे नाही, आई, एवढ्या जोराने कोणी टोचतं का. त्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली म्हणून मी मुद्दाम आणखी वाईट टोचायला लागले. मग यांनी रीतसर अर्ज केला. माझं अक्षर बरं म्हणून पक्की प्रत मीच केली. त्यातलं एक वाक्य मी ठळक करून लिहिलं होतं, ‘कितीही काटकसरी मनुष्याला ही सिरिंज पुन्हा उघडता येऊ नये, अशी योजना आहे.’ लिहिताना मला त्यात काही खटकलं नाही. तुम्ही अर्ज हातात घेऊन ‘बघू’ म्हणालात. तुमचं बघू आम्ही तुमच्या लहानपणापासून ओळखतो. अभ्यासाला बसता का, तर बघू, आणि मग उठून खेळायला जायचं.

आता चूक सांगते. तुम्ही ती पाहिलीत, पण पलीकडच्या बाजूने. चाचणीला वापरून झालेल्या सिरिंजचा घरात ढीग झाला होता. कोऱ्या करकरीत दिसणाऱ्या नळ्या, एकदा दाबल्या की कचरा. माझा जीव वरखाली व्हायचा. रोजच्या खर्चाच्या वहीत मी त्या कशाखाली लिहायच्या? एक दिवस केसांतला आकडा काढला, दट्ट्याच्या मागच्या फटीतून आत सारला, जरा उचलला, आणि खटका माझ्यापुढे निमूट वाकला. सुई परत पुढे. मग काय विचारता. उकळत्या पाण्यातून काढून, पुसून, सुकवून मी त्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरून ठेवायला लागले. शिलाई मशीनला तेल द्यायला याहून चांगली वस्तू जगात नाही. यांना सांगितलं नाही, कारण विचारलं नाही. मग तुमच्या समितीपुढे दाखवायला जायचा दिवस आला. हे म्हणाले, सिरिंज बरोबर घे. मी कपाट उघडलं. एका बाजूला यांनी केलेल्या नव्या, न वापरलेल्या. दुसऱ्या बाजूला माझ्या उघडलेल्या. मी विचार केला, ते लोक एकदा दाबणार आणि टाकून देणार. त्याच्यासाठी कोणी चांगल्यातल्या काढतं का? चांगल्यातल्या राहू दिल्या आणि माझा डबा पिशवीत घातला.

तुमच्या त्या खोलीतल्या खुर्च्या छान आहेत. बसलं की माणूस खाली जातो आणि टेबल वर. समितीतल्या मोठ्या डॉक्टरांनी सिरिंज घेतली, फोमच्या तुकड्यात खुपसली, दट्ट्या दाबला. टक झालं, सुई आत गेली. यांचा चेहरा मी इतकी वर्षं बघतेय, पण असा कधी पाहिला नव्हता. घसा खाकरून म्हणाले, ही सुई आता पुन्हा कधीही बाहेर येणार नाही. आणि ती आली. कोण पाहुणे आलेत ते बघायला खिडकीतून डोकं काढावं तशी सावकाश बाहेर आली. वर त्या फोमवर आणि तुमच्या अजेंड्याच्या कागदावर मशीनच्या तेलाचा एक डाग पडला, तो वाढत वाढत विषय क्रमांकापर्यंत गेला. हे दुसरी दाबू लागले, तिसरी दाबू लागले. त्यांच्याही सुया तशाच बाहेर आल्या. हे चौथी उचलायला लागले तसं मला बघवेना, म्हणून मी उभी राहिले आणि खरं ते सांगितलं, की यांचा दोष नाही, या मी घरी उघडलेल्या आहेत, म्हणून खटका ढिला झालाय. कशा, असं मोठ्या डॉक्टरांनी विचारलं. विचारलं म्हणून आकडा काढून दाखवलं. अंबाडा सुटला तो सुटलाच. सगळे बघत होते, एक तुम्ही सोडून. तुम्हाला तेवढ्यात छतावरच्या पंख्यात काहीतरी सापडलं होतं. माझ्या हातचं जेवून मोठा झालेला माणूस, पंख्याकडे बघत होता.

मोठे डॉक्टर वाईट नाहीत. हसून म्हणाले, ‘बाईंनी जे केलं ते उद्या कोणीही करेल.’ ते खरंच होतं. पुढचं तुम्ही लोकांनी लिहिलंत. यांनी तो कागद मला वाचायला दिला नाही, पण मी केराच्या टोपलीतले कागद पाठकोरे म्हणून काढून घेतेच. ‘सदर महिलेने केसांतील साध्या आकड्याने सिरिंज उघडून दाखविली, सबब सदर सिरिंज पुनर्वापरास रोखत नाही, सबब ती खरेदी न करता सध्याचीच सिरिंज चालू ठेवावी.’ मी पुन्हा पुन्हा वाचलं. यांची सिरिंज उघडायला आकडा लागतो म्हणून ती नको. आणि सध्याची, जी उघडायला आकडाही लागत नाही, कारण ती बंदच होत नाही, जिची सुई आजोबांच्या दंडातून निघून डब्यातून वर येऊन माझ्या पोरीच्या बोटात जाते, ती चालू ठेवावी. दार नसलेल्या घरात राहणाऱ्याने शेजाऱ्याची कडी कशी कच्ची आहे ते सांगावं, तसं हे. आणि ‘सदर महिला’ शब्द कोणी सुचवला? टंकलेखकाने सुचवला असेल तर देव त्याचं भलं करो. तुम्ही सुचवला असेल तर तुमचंही करो, पण त्याच्या नंतर.

घरी येताना हे रस्ताभर एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडले असते आणि दोघांना बरं वाटलं असतं. घारीने दार उघडलं, आमचे चेहरे पाहिले. पिशवीतून माझा बिस्किटांचा डबा काढून तिने टेबलावर ठेवला, उघडला आणि एक सिरिंज हातात घेतली. मी आपली घाईघाईने सांगायला लागले की मी त्या नुसत्या ठेवल्या नाहीत, उकळत्या पाण्यातून काढल्यात, स्वच्छ हातांनी पुसल्यात, डागसुद्धा नाही बघ. तिने सगळं ऐकून घेतलं.

‘आई,’ म्हणाली, ‘ही धुतलेली तू मला टोचशील?’

चिडून नाही हो म्हणाली. खरंच विचारत होती. मी त्या सिरिंजकडे बघितलं आणि मला हो म्हणता येईना. इतक्या वर्षांत माझ्या हातच्या स्वच्छतेवर मला पहिल्यांदा हो म्हणता येईना. तेव्हा लक्षात आलं, अर्जात ज्या काटकसरी मनुष्याविरुद्ध हे खटका बसवत होते, तो कोणी चोर-लबाड नव्हता. कुठल्याशा वॉर्डात, कुठल्याशा दवाखान्यात, कोणीतरी माझ्यासारखीच देवाला भिणारी, हात धुऊन, पाणी उकळून, मनापासून, वाया जाऊ नये म्हणून. तिच्याविरुद्ध होता. आणि ते वाक्य मी माझ्याच अक्षरात ठळक करून लिहिलं होतं.

सकाळी यांनी नव्या सिरिंजचा खोका माझ्यापुढे ठेवला, वर माझाच आकडा ठेवला, आणि म्हणाले, उघड. बोलणं पुन्हा सुरू झालं ते असं. मग हे खटका बदलायचे आणि मी उघडायची. हे फट बुजवायचे, मी गरम पाण्यात धरून नळी मऊ करायची. हे प्लास्टिक बदलायचे, मी विणायची सुई घालायची. चिमटा झाला, मेणबत्ती झाली, शिवणाची कात्री झाली. (देवाला मात्र मध्ये घातलं नाही. कोणाच्या बाजूने मागायचं तेच ठरत नव्हतं.) आमच्या घरात नवरा-बायकोचं इतकं पटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. शेवटी यांनी असं केलं की शेवटच्या दाबाला दट्ट्याची मानच आत तुटते आणि धरायला काही उरतच नाही. मी तीन दिवस त्या एका सिरिंजच्या मागे होते. मग ती टेबलावर ठेवली आणि म्हटलं, उघडत नाही. यांनी उचलून पाहिली, पुन्हा ठेवली आणि हसले. आमच्या लग्नाच्या फोटोतही हे हसलेले नाहीत, त्यामुळे मला तुलना करायला काही नाही. ती सिरिंज मी टाकून दिली. समजलं का भाऊजी? मी, टाकून दिली. (दुसऱ्या दिवशी काढून एकदा बघितली. नाही उघडत.)

यांनी पुन्हा अर्ज केला आहे. त्यावर तुम्ही पुन्हा ‘बघू’ लिहिलंत असं ऐकलं. आता मोठे डॉक्टर म्हणतात की शेवटी दट्ट्या तुटतो म्हणजे माल तकलादू आहे. असो. तुमचा वेळ घेतला. तुम्ही तुमच्या जागी बरोबरच असाल, त्या खुर्च्या तशाच आहेत. जाऊबाईंना आशीर्वाद, मुलांना पापा, आणि तुमच्या ब्लडप्रेशरला आराम. मीठ कमी खा, सह्याही जरा कमी करा.

तुमची,
सदर महिला
(पूर्वीची वहिनी)

ता.क. – पाकीट जाड का ते आता सांगते. आत एक सिरिंज आहे, नव्या धर्तीची. पाकिटावर मी ठळक लिहिलं आहे, ‘आत वापरलेली सुई आहे’, त्यामुळे तुम्ही ते कोपऱ्यांना धरून, बाहेरून चाचपत, जरा लांब धरूनच उघडलं असणार. छातीत जे काही झालं असेल ना, तेच घारीच्या छातीत इतके महिने रोज होत होतं, म्हटलं तुम्हाला थोडं चाखायला पाठवावं. घाबरू नका. वापरलेली आहे ती फक्त माझ्या उशीवर, आणि सुई आत आहे, तुम्ही काहीही केलंत तरी आतच राहील. सवडीने उघडून बघा. आकडा जाऊबाईंकडून मागून घ्या. उघडली तर जुन्या सिरिंज हव्या तितकी वर्षं घ्या, मी तोंडातून शब्द काढणार नाही. नाही उघडली, तर ‘सबब’च्या पुढे काय लिहायचं ते मी सांगायला नको.

ता.क. दुसरा – पाकीट चिकटवणार तेवढ्यात रिपोर्ट आला. पोरगी सुटली. देवापुढे दिवा लावला, रोजचा तो प्रश्न आज विचारला नाही. तिने रिपोर्ट वाचला, घडी घातली आणि आधी सुरी मागितली. कांदा चिरला, चांगला जाडाभरडा, अर्धा वाया घालवला. मी काही बोलले नाही. सोमवारी कामावर जाते आहे.

ता.क. तिसरा – काही मागणार नाही असं वर लिहिलं आहे, ते खोडत नाही, कागद खराब दिसतो. रिपोर्ट द्यायला घारी आज हॉस्पिटलात जाऊन आली आणि वॉर्डात डोकावली. भिंतीवरचा तो डबा पुन्हा गळ्यापर्यंत भरला आहे. यांची सिरिंज तुम्ही घ्या, न घ्या, पुढच्या मीटिंगला घ्या, तुमच्या मुलांच्या मुलांनी घेऊ दे. पण डब्याला ना समिती लागते, ना स्प्रिंग. सबब, सोमवारच्या आत त्या भिंतीला एक रिकामा डबा लावावा. नियमात बसत नसेल तर तसं कळवा. माझ्याकडे बिस्किटांचे पत्र्याचे पुष्कळ आहेत, धुऊन-पुसून ठेवलेले, घट्ट झाकणाचे, त्यातला एक घारीबरोबर देते. अर्धा भरला की टाकून द्यायचा, असं मी तिला सांगून ठेवलं आहे.